रेडिएटरमधली नर्मदा

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पोर्चमध्ये, गाडीच्या नाकाखाली, हिरवट पाण्याचं थारोळं दिसायचं. हिरवं म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. एरवी महिनाभर फरशी कोरडी ठणठणीत असायची. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गाडीला चंद्र दिसतो हे मान्य करणं मला जड जात होतं. मेकॅनिकला दाखवलं, त्याने रबरी होज बदलले, मग वॉटर पंपही बदलला. पुढच्या पौर्णिमेनंतर थारोळं पुन्हा हजर.

पौर्णिमेला संध्याकाळी आई, बाबा आणि मी आमच्या मदन महल भागातून नर्मदेवरच्या ग्वारीघाटला जातो. आईचे गुडघे गेलेत. ऑटोत तिला चढता येत नाही आणि ई-रिक्षातून उतरता येत नाही. या जुन्या गाडीची पुढची सीट तेवढी तिच्या गुडघ्यांना मानवते, म्हणून गाडी आहे तोवर तिला नर्मदा आहे, असा साधा हिशेब. ती वरच्या पायरीवर बसून हात जोडते आणि बाबा खाली उतरून पाच लिटरचा कॅन भरून आणतात. सकाळी त्या पाण्याची वाटणी होते. देवघरात थोडं, तुळशीला थोडं आणि एक लोटा गाडीला. आमच्या घरात फ्रीजपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक नव्या वस्तूवर नर्मदा मैयाचं पाणी शिंपडलं गेलंय, पण गाडी ते पाणी चक्क पिते हे कळल्यावर आईला कोण आनंद झाला होता. बाबा रेडिएटरचं झाकण उघडून द्यायचे, आई मडगार्डला टेकून लोटा ओतायची आणि बॉनेटला नमस्कार करायची. मी मनात म्हणायची, बरं झालं, रात्री गळालेलं भरून निघालं.

मे महिन्यात आईला नर्मदेच्या धबधब्यावर, भेडाघाटला जावंसं वाटलं. अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा चढायला लागला. अशा वेळी गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनातली उष्णता आत ओढली जाते. मी तो सोडला, काचा खाली केल्या, आणि मेच्या दुपारी आम्ही तिघं भट्टीत बसल्यासारखे चाललो. काटा उतरला नाही. वाफ आली. गाडी झाडाखाली उभी केली तोवर आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिला उलटी झाली, हात गार पडले. एका भल्या माणसाने तिला उचलून आपल्या जीपमधून घरी सोडलं, पण तिचा तो गार हात मी अजून विसरलेले नाही.

त्या रात्री मी जेवताना फर्मान काढलं की गाडी विकायची. माझा आवाज अशा वेळी वर्गातला होतो. आई फक्त "ठीक आहे" म्हणाली आणि तिने वाद घातला नाही, ह्याचंच मला वाईट वाटलं. त्यानंतर कॅलेंडरमध्ये पौर्णिमा शोधणं तिने बंद केलं.

विकण्याआधी गाडी तपासायला बाबांनी एक रविवार मागून घेतला. ते इथल्या संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होते. तिथे त्यांच्या हातातून सूतभर चुकलेला भागही सुटला नाही, असं ते स्वतःच सांगतात. मोतीबिंदूनंतर गाडी मी चालवते, पण बॉनेटखालचं राज्य अजून त्यांचंच. गाडी सुरू करून त्यांनी पंखा फिरतो का पाहिलं, होजना हात लावला, इंजिन तापल्यावर ते बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळवा फिरवला. एका जागी हात थबकला. मग हात पुसत म्हणाले की थर्मोस्टॅट गेलेला दिसतो, तो बदलू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मीही जाळीवर हात ठेवला. वर चटका बसत होता आणि मध्येच दोन-तीन जागा गार होत्या. गरम पाणी जिथे पोचत नाही ती जागा गार राहते, म्हणजे आतल्या नळ्या बुजल्या होत्या. हे मला कळतं आणि बाबांना कळत नाही, असं होणं शक्य नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "असेल." उभ्या आयुष्यात बाबा कशाला "असेल" म्हणाल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी रेडिएटरवाल्याकडे गेले. त्याने हवेचा दाब देऊन पाहिलं. गळती कुठेच नव्हती. मग त्याने रेडिएटर काढून वरची टाकी उघडली. आत नळ्यांच्या तोंडांवर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा, दगडासारखा थर बसला होता, जुन्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. हाच थर मी दर वर्षी आठवीच्या मुलांना शिकवते, तोही फळ्यावर आकृती काढून.

"दीदी, ये लीक नहीं है," तो म्हणाला. "नीचे की टोंटी देखिए, घिस गई है. कोई बार-बार खोलके कूलंट निकालता है और सादा पानी भरता है."

मी बाबांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते.

नवा रेडिएटर बसेपर्यंत आम्ही टपरीवर चहा घेतला. तिथे त्यांनी सगळं सांगितलं. रेडिएटर भरलेला असला की त्यात लोटा कुठून मावणार? पहिल्या वेळी पाणी वरून वाहून गेलं आणि आईचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी, आईची आंघोळ होईपर्यंत, ते गाडीखाली वाकून लोटाभर कूलंट सोडून जागा करून ठेवायचे. ते पाणी रेडिएटरला चांगलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. दोन लोट्यांनी काय होतंय, असं म्हणत वर्षं गेली.

मला राग आला. दोन होज आणि एक पंप मी उगाच बदलून घेतले होते, आणि आई रस्त्यात मरता मरता वाचली होती. मी म्हटलं की घरी जाऊन तिला सरळ सांगू, ती काही लहान नाही.

"सांगशील अन् ती समजेल की मे महिन्यात जे झालं ते तिच्याच हातानं झालं," बाबा म्हणाले. "मग ती नर्मदामाईकडे जाणंच सोडून देईल. माझी गलती आहे, माझ्याजवळच राहू दे."

माझा राग तिथेच विरला. ह्या माणसाचा मला फार अभिमान वाटला, आणि तसं त्यांना सांगायचं मात्र मला जमलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला गाडी घाटावर गेली आणि काटा मध्यावरून हलला नाही. सकाळी बाबांनी बॉनेट उघडलं आणि रेडिएटरऐवजी वायपरच्या पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण काढून धरलं. नव्या रेडिएटरला पाणी इथूनच द्यायचं असतं, असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. आईने लोटा ओतला, नमस्कार केला. बाबा हात धुवायला आत गेले.

मी बॉनेट लावत होते, तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "काच धुवायची बाटली आहे ना ही?"

मी लागलेलं बॉनेट पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"राहू दे. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. आता पहिल्यांदा नाही म्हणून राहिले, तेही हे असं. त्यांना सांगू नको, मला कळलं म्हणून."