परीक्षेची पोळी

तक्रारदार : मी, चंदीगडच्या कचेरीबाहेर टंकयंत्र मांडून बसणारा अर्जलेखक, शिक्षण सातवीपर्यंत, अनुभव त्याहून पुष्कळ. काळ : पंजाब जळत होता ती वर्षे, बैसाखीच्या सुमारास. साक्षीदार : माझी कन्या, तेव्हा इयत्ता नववी, आणि तिच्या शाळेचा माळी. प्रतिवादी : अद्याप निश्चित करता आलेला नाही. नावे हेतुतः वगळली आहेत.

हकीकत अशी. कन्येच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर जवळच्या खरड गावाहून बसने येत. शाळेमागचा पडीक तुकडा त्यांनी मुलांकडूनच खणून घेतला आणि गहू पेरला. अर्ध्याला शेणखत, अर्ध्याला युरिया. मुले अधूनमधून एखादे रोप उपटत, मुळे धुऊन मोजत. मास्तरांची परीक्षा मात्र निराळी होती. आपल्या वाफ्यातला गहू स्वतः कापायचा, झोडपायचा, दळायचा आणि त्याची पोळी सर्वांसमक्ष खायची. "जिसने रोटी नहीं खाई, वो फेल." हा नियम कोणत्या परिपत्रकात आहे, असे मी त्यांना रीतसर विचारले होते. ते हसून म्हणाले, "बाबूजी, गेहूँ से पूछ लो."

ओंब्या पिवळ्या पडल्या होत्या. एका संध्याकाळी मास्तरांची बस वाटेत अडवली गेली आणि ते घरी पोहोचले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शहरात संचारबंदी लागली, शाळा बंद झाली.

कन्या रडली नाही. खिडकीशी बसून एवढेच म्हणाली, "बाबा, गेहूँ झड़ जाएगा." घरात मराठीच बोलावी हा माझा दंडक, त्या दिवशी मी तिला टोकले नाही.

मी अर्ज लिहिला. विषय : मयत शिक्षकांच्या विद्यार्थ्यांस गव्हाच्या कापणीपुरती संचारबंदीतून सवलत मिळणेबाबत. इतका निर्दोष मसुदा माझ्या हातून पूर्वी उतरला नव्हता. सोबतच्या साहित्यात खरे तेच नमूद केले : प्रत्येक मुलामागे एक विळा. संचारबंदी सैल झाली तेव्हा मी अर्ज कचेरीत नेऊन दिला. खिडकीपलीकडच्या अंमलदाराने नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवले आणि आवाज न चढवता विचारले, "अंकलजी, इन दिनों बच्चों के हाथ में दातरी?"

अर्ज त्याने ठेवून घेतला. उत्तर आले नाही.

शाळा उघडली तेव्हा दाणे मातीत गेले होते, उरलेले पाखरांनी टिपले होते. माळ्याने वाकून मूठभर रिकामे काड गोळा केले आणि कन्येच्या हातात दिले.

त्या वर्षी सर्वांनाच वरच्या वर्गात घातले. प्रगतिपुस्तकात विज्ञानापुढे 'उत्तीर्ण' असा शेरा होता. कन्येने तो वाचून पुस्तक माझ्यापुढे सरकवले. "सरजी ने तो पास नहीं किया ना, बाबा?" मी इतरांच्या वतीने उभा जन्म उत्तरे मागत आलो, आता तिच्या वतीने मागतो.

सबब, तो अर्ज ज्यांच्या टेबलावर आजही पडून असेल त्यांस विनंती की, सवलत आता देऊ नये. कापणीचा हंगाम गेला. मात्र माझी कन्या त्या परीक्षेत उत्तीर्ण धरावी की अनुत्तीर्ण, आणि हे ठरवण्याचा अधिकार मास्तरांच्या मागे कोणाकडे आला, तेवढे तिच्या नावे लेखी कळवावे.