बिनदातांची करवत

दगड हातात आला की मोठे मास्तर तो आधी धोतराच्या सोग्याला पुसत आणि मग सरळ जिभेला लावत. ओला झाल्याशिवाय दगडाचा खरा रंग कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. चाटून झालं की तो उजेडाकडे धरत आणि म्हणत, "आत काहीतरी आहे. बघायला पाहिजे."

शेणव्याच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. गाव त्यांना मोठे मास्तर म्हणे, मला धाकटे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मुरबाडकडे एका खेड्यात विधवा बहीण होती, तेवढाच त्यांचा गोतावळा. सुट्टी लागली की मी घराकडे पळायचो. हे मात्र जिथे कुठे विहिरीचं काम चालू असेल तिथे जाऊन काठावर बसायचे. आमच्या भागातला काळा खडक सुरुंगाने फुटला की त्यातून कधी नारळाएवढ्या, कधी लिंबाएवढ्या गारगोट्या निघतात. वरून त्या अगदी कुरूप असतात. विहिरीवरची माणसं त्या बाजूला काढून ठेवत आणि मास्तर दिसले की हाक मारत, "मास्तर, तुमचा खाऊ ठेवलाय." मास्तर तो खरोखरच तिथल्या तिथे चाटून बघत, आणि खाली चिखलात उभी असलेली माणसं पोट धरधरून हसत.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. जगात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो आणि आपल्याला मात्र सारखी त्याची काळजी वाटत असते. मी तर स्वभावानेच भित्रा. शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी मी हजेरीपट चार-चारदा तपासायचो. माझ्याकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे अक्षर. रोज सकाळी फळ्यावर मी सुविचार लिहायचो तेव्हा वाटेने जाणारी माणसंही दारात थांबून बघत. मोठ्या मास्तरांचं अक्षर मात्र त्यांचं त्यांनाही दुसऱ्या दिवशी लागत नसे.

गारगोटी हातोड्याने फोडली की आतल्या स्फटिकांचा चुरा होतो. हे त्यांना सोसत नसे. "फोडला की मेला," ते म्हणत, "कापायला हवा." पण गारेला लागेल अशी करवत असते कुठे? सुताराची करवत त्यांनी आधीच बोथट करून ठेवली होती आणि सुतार त्यांच्याशी बोलेनासा झाला होता. मग एका वर्षी म्हशाच्या जत्रेत त्यांना अकिकाचे मणी विकणारा एक म्हातारा भेटला. तो खंबातकडचा. मास्तर दिवसभर त्याच्या पालापुढे उकिडवे बसले आणि संध्याकाळी जे ज्ञान घेऊन आले ते त्यांनी मला चार दिवस ऐकवलं. दगड कापायच्या करवतीला दातच नसतात. लोखंडाची गुळगुळीत पट्टी, तिच्याखाली कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड आणि पाणी. कापते ती पूड. पट्टी नुसती तिला पुढेमागे ओढत असते.

त्यानंतर करवत कोणती घ्यावी हा प्रश्न आमच्या शाळेत दोन वर्षं चालला. मी म्हटलं, घ्या एक कुठली तरी. ते म्हणाले, "घाई कशाला? दगड थांबलाय एवढी वर्षं."

पहिला विचार फिरत्या चकतीचा. शहापूरच्या बाजारात एक धार लावणारा बसे. त्याला पटवून मास्तरांनी त्याच्या चाकावर तांब्याची एक गोल चकती बसवली आणि गारगोटी धरली. गारगोटी त्यांच्या हातातून सुटली ती माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या दुकानातल्या गुळाच्या ढेपेत रुतली. मी तोवर रस्त्याच्या पलीकडे पोहोचलो होतो. मास्तर शांतपणे गूळ खरवडत म्हणाले की चकती जलद आहे पण तिला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक न घाबरणारं हवं. चकती तिथेच बाद झाली.

दुसरा विचार तारेच्या कमानीचा. बांबू वाकवून त्यांनी ती स्वतः केली. तार बारीक, त्यामुळे दगड वाया जात नाही, हा तिचा गुण. पण ती दगडात भरकटते आणि ताण जास्त झाला की तुटते, हे दोन दोष. बेचाळीस सालच्या दसऱ्याला, मी सोनं द्यायला गेलो असताना, माझ्यासमोर ती तुटली आणि मास्तरांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल घुसली. मी हळद आणायला धावलो. ते रक्ताकडे न बघता दगडावरची चीर बघत होते. "तीन दिवसांत अर्धा इंच," ते म्हणाले. "वाईट नाही. पण तार नको."

राहिली ती लोखंड कापायच्या करवतीची चौकट. पोलादी, मागे पिळायचा चाप असलेली. तिचं दातेरी पातं काढून टाकायचं आणि पिंपाच्या पट्ट्यातून कापलेली गुळगुळीत पट्टी बसवायची. चौकट वाकत नाही म्हणून चीर सरळ जाते, आणि करकर कमी होते. हे महत्त्वाचं होतं, कारण ज्यांच्या पडवीत ते राहत त्या घरातली म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती आणि त्या आवाजाने तिचे दात आंबत. तेव्हा दोन वर्षांनी एकदाचं ठरलं. मुंबईला, लोहार चाळीतल्या एका दुकानाला लिहायचं. मास्तरांचा अंगठा बांधलेला, म्हणून मी लिहायला बसलो. मास्तर कधी पाकीट वापरत नसत. त्यांचा सगळा व्यवहार पोस्टाच्या उघड्या कार्डावर. लपवण्यासारखं काय असतं, असं म्हणत.

त्यांनी सांगितलं ते मी उतरवलं. दगड कापण्यासाठी करवतीची पोलादी चौकट हवी, मोठ्यात मोठ्या घेराची. आवाज कमीत कमी व्हावा. पाती पाठवू नयेत, पाती आम्ही इथे तयार करतो. खाली त्यांचं नाव घातलं. थोडी जागा उरली होती. मोकळी जागा मला बघवत नाही, म्हणून मी आपल्या मनानेच लिहिलं, "काम अडले आहे, त्वरा करावी."

कार्ड गेलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बातम्या येऊ लागल्या. रेल्वेच्या बाजूच्या तारा कुणी तोडल्या. मग एका मंगळवारी मुरबाडच्या डोंगराकडे विजेचा मनोरा पाय कापून आडवा पाडला. करवतीने कापला, असं बाजारात माणसं कानात सांगत होती. शहापुरात पोलीस उतरले. कुणाकुणाला धरून नेलं.

सगळं कार्ड शब्दन् शब्द माझ्या डोळ्यांपुढे आलं. सांगायला लाज वाटते, पण त्यानंतरचे आठ दिवस मी माणसात नव्हतो. जेवण जाईना. वाटेवर खाकी काही दिसलं की पाय शेताकडे वळत. घरी दोन महिन्यांची मुलगी होती, ती रडली की मला बायकोचा राग यायचा. आणि एका सकाळी मी शाळेत लवकर जाऊन फळ्यावरचा सुविचार पुसला, भिंतीवरचे माझ्या हातचे तक्ते काढले आणि घरी नेऊन चुलीत घातले. मुलांनी विचारलं तेव्हा सांगितलं की वाळवी लागली होती. मोठ्या मास्तरांना मी काहीच बोललो नाही. त्यांना मनोऱ्याची बातमीही ठाऊक नव्हती. ते आसनगाव स्टेशनाहून पार्सल कधी येतं याची वाट बघत होते.

पार्सल आलं नाही. दिवाळीच्या आधी, दुपारच्या शाळेत, फौजदार आणि जमादार आले. फौजदाराच्या हातात कार्ड होतं. ते बघून मास्तरांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, दुकानाचं उत्तर आलं.

"करवत आली का?" त्यांनी विचारलं.

फौजदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं. कार्ड कुणाचं, म्हणाला. मास्तर म्हणाले, माझं.

"अक्षर?"

मी फळ्याशी उभा होतो. मोठ्या मास्तरांनी कोऱ्या फळ्याकडे बघितलं, मग रिकाम्या भिंतीकडे. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांना ते दिसलं असावं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"माझंच," ते म्हणाले.

फौजदाराने पाटी पुढे केली आणि लिहून दाखवायला सांगितलं. मास्तरांनी अंगठा दाखवला. जखम चिघळली होती, चिंधीतून पिवळं झिरपत होतं. फौजदार म्हणाला, अंगठा असा, मग कार्ड कसं लिहिलं? मास्तर उत्तरले की कार्ड आधीचं, अंगठा नंतर कापला.

"नंतर म्हणजे कधी?"

त्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. अंगठा कार्डाच्या नंतरचा ठरेल असा एखादा वार हवा होता, तो त्यांनी उचलला. "गेल्याच्या गेल्या मंगळवारी," ते म्हणाले.

तो मनोऱ्याचा मंगळवार होता. जमादाराने फौजदाराकडे बघितलं. कशाने कापला, असं फौजदाराने अगदी हळू विचारलं, आणि मास्तरांनी खरं ते सांगितलं, "तारेनं."

एका वाक्याचं काम होतं. अक्षर माझं आहे, अंगठा दसऱ्याला माझ्यासमोर कापला, हळद मी लावली. एवढं म्हटलं असतं तर तो मंगळवार त्यांच्यावरून गळून पडला असता. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं.

पडवीची झडती झाली. बांबूची कमान, तारेचं भेंडोळं, पिंपाच्या पट्ट्या, कुरुंदाचा डबा आणि दोनेक शे दगड. हे कशाला, असं विचारल्यावर मास्तरांनी फौजदाराला बिनदातांच्या करवतीबद्दल मन लावून समजावलं. चकती का नको, तार का नको, सगळं. फौजदाराने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, दगड कापून करणार काय?

"बघणार."

"आणि मग?"

"मग काही नाही."

यावर कोण विश्वास ठेवणार? जाताना मास्तर मला म्हणाले, चौथीचे अपूर्णांक राहिलेत, तेवढे घ्या.

मी शहापूरला दोनदा गेलो. पहिल्यांदा गाव दिसू लागल्यावर माघारी फिरलो. दुसऱ्यांदा कचेरीच्या दारापर्यंत पोहोचलो. जमादाराने काय काम म्हणून विचारलं. मी म्हटलं, मास्तरांचं धोतर आणलंय. ते त्याच्या हातात दिलं आणि परत आलो. पुढे त्यांना ठाण्याला नेलं. नऊ महिन्यांनी पुरावा नाही म्हणून सोडलं, तोवर नोकरी गेली होती. ते मुरबाडकडे बहिणीच्या घरी जाऊन राहिले. शेणव्याहून एका दिवसाची वाट. मी गेलो नाही. आधी पोलिसांना भ्यालो. मग स्वातंत्र्य आलं, पोलिसांचं भय गेलं, आणि माझ्या ध्यानात आलं की मी आता त्यांनाच भीत होतो.

ते तापाने गेले हे मला बाजारात कळलं. दहाव्या दिवशी गेलो.

बहीण म्हातारी होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने पाणी दिलं. "दादा तुमचं नाव काढायचा," म्हणाली. दगडांचं तिने आपण होऊनच सांगितलं. सुटून आल्यावरही ते विहिरींवर जात, दगड आणत, पण करवत त्यांनी घरात आणली नाही. ती एकदा म्हणाली होती, आता घे की बाबा. तर म्हणाले, नको, उगीच कुणाला भीती वाटायची. तिने मला आतल्या फळीवर ते दाखवले. सगळे अख्खे. कुणाच्याच आत काय आहे ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

प्रत्येक दगडाला कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. कुठल्या गावची विहीर, किती हातांवर सापडला. मी एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी, आणि तिसरी उजेडाकडे धरून बघितली. माझा ळ, त्याला मी देतो तशी गाठ. माझा रफार. प्रत्येक ओळ माझ्याच हातची.

"जेलात त्ये कार्ड म्होरं ठेवून त्याला सारखं लिवायला लावायचे," बहीण कौतुकाने सांगू लागली. "जायच्या आदी नुसतं कोंबडीचे पाय काढायचा. आला तो ह्ये आसं अक्षर घेऊन. मी म्हनायची, दादा, आता घरात कोन बघतंय, तुला येतं तसं लिही. तर म्हनायचा, सवय मोडली तर चुकून जाईल. कोनी परत इचारायला आलं तर?"

तिने चिठ्ठीवरची धूळ पदराने पुसली.

"पाच वर्सं म्हनत व्हता. कोन येनार व्हतं, मास्तर?"

कुणीच येणार नव्हतं. मीसुद्धा गेलो नव्हतो.