‘पे’वरची टाळी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींनाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे, कोण जाणे. दमले असेन.

साठच्या दशकाच्या अखेरीस मी धुळ्यात, देवपूरच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. सुमन माझ्याबरोबरच लागलेली, पण वयानं लहान. शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याची लेक — घरी अहिराणी, आणि इंग्रजीवर मात्र जीव. मुलींना ती माझ्यापेक्षा जास्त आवडायची. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

आम्ही दोघीही तात्पुरत्या. कायमची जागा एकच. तपासणीचे साहेब येणार, दोघींचे पाठ बघणार, आणि ठरणार.

आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली.

"अक्का, न्यूजपेपर. न्यूज, पे, पर — तुकडे असेच ना? आणि जोर कशावर द्यायचा?"

मला माहीत होतं. दोन शब्द जुळून एक झाला, की जोर बहुधा पहिल्यावर. न्यूजवर. प्रशिक्षणात हेच तर घोकलं होतं. तोंड उघडेपर्यंत खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं — की होतं?

"पेवर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर शब्दाचे तुकडे पाडले, ‘पे’खाली रेघ ओढली. सगळा वर्ग ‘पे’ आला की टाळी वाजवू लागला. मुली रंगात आल्या होत्या. साहेबांनी हात वर केला.

"बाई, जोर पहिल्यावर असतो. मुलींना चुकीचं शिकवता?"

सुमननं मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करत राहिले. तिनं माझं नाव घेतलं नाही. नुसती रेघ पुसली.

जागा मला मिळाली.

काही वर्षांनी ती चाळीसगावच्या फलाटावर भेटली. नरडाण्याकडे कुठेशी शिवण शिकवत होती. आणि इंग्रजी?

"सोडलं हो, अक्का. तुम्ही बरोबरच सांगितलं असणार. मीच उलटं ऐकलं. मुलींचं नुकसान तरी टळलं." मग घरच्या बोलीत, हसत — "मन्ही जीभच तशी शे, नई का?"

आपली जीभच तशी आहे का, हे तिनं खरंच विचारलं होतं. उत्तराची वाट बघत होती. गाडीला वेळ होता, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं.

"असतं एकेकाचं," मी म्हणाले.