दोन थर जरबेरा, सिल्कसकट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की चहा नाकात जातो, आणि मग पाठ थोपटायला मी उठणार नाही. माझ्या हातून जे झालं ते सरळ सांगतो. मीठमसाला लावायची गरजच नाही, आधीच खारट आहे.

मी चौथी पास. नापास नाही, पास. वसईच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं स्टॅबिलायझरच्या प्लेटांवर सोल्डरिंग केलं. प्लेट म्हणजे ती हिरवी पट्टी, तांब्याच्या रेघांची, जिच्यावर बारीक पार्ट बसवतात. शिकलेले लोक पीसीबी म्हणतात. आम्ही प्लेट म्हणायचो, आणि मी केलेली प्लेट कधी परत आली नाही. एवढं ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

घर निर्मळला. मागे वाडी, केळी आणि थोडा चाफा. विहीर आणि मोटर वाडीच्या पार शेवटच्या टोकाला. घराच्या खिडकीसमोर हिरव्या जाळीखाली जरबेऱ्याचा एक वाफा. तो बायकोचा, सुमतीचा. त्याला मी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा.

दोन वर्षांपूर्वी सुमतीला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला. कुठला सांगू? 'बरं'!

चाळीस वर्षांत ही बाई माझ्या एकाही गोष्टीला 'बरं' म्हणाली नव्हती. आणि देवाने ठेवून ठेवून तोच शब्द ठेवला. पाणी हवं, बरं. दुखतंय, बरं. मेल्या, किती वेळ लावलास, तेही बरंच. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी बोलत राहा, बोलायला लावा, शब्द परत येतील. मी बोलायचो. पण माझं बोलणं म्हणजे काय? 'जेव', 'झोप', 'येतो'. संपलं.

प्रश्न हाकेचा होता. मी विहिरीवर असलो की तिने मला बोलवायचं कसं? डावा हात चालायचा, पण बोटं संधिवाताने आधीच आखडलेली. बटण दाबायला गेली की घसरायची. बाजारातली बिनवायरची बेल विहिरीपर्यंत पोचायची नाही. मग मी स्वतः बनवली. नुसतं बोट टेकलं की विहिरीवर शाळेसारखी घंटा वाजणार. भोकांच्या पट्टीवर वायरी जोडून केली. आठ दिवस झकास चालली.

नवव्या दिवशी मी दुपारी मोटर बंद करून घरी आलो, तर सुमती जमिनीवर. पलंगावरून घसरली होती. हात वर करून बोट त्या पट्टीवर टेकलेलं. किती वेळ टेकलं होतं, देव जाणे. आतली एक वायर तुटली होती.

माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं."

हसलात? नाही ना. मीही नाही.

तेव्हाच ठरवलं, आता वायरींचं जंजाळ नको. पक्की, छापील प्लेट करायची. मुलगी वर्षा मनवेलपाड्याला राहते, पॉलिटेक्निकात शिकवते. ती म्हणाली, "अप्पा, डिझाइन मी करून देते ना कॉम्प्युटरवर."

"सोल्डरिंग तुला कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग?"

मी आलेखाच्या कागदावर पट्टी घेऊन नकाशा काढला. विरारला पार्ट विकणाऱ्या दुकानदाराने एका कंपनीचा नंबर आणि पत्ता दिला. स्वस्तात प्लेटा करून देतात, फक्त पाचाच्या खाली घेत नाहीत. मी नकाशाचा फोटो पाठवला आणि फोन लावला. फोनवर एक मुलगी. हिंदी बोलणारी, गोड आवाजाची.

"अंकल, कहां से बोल रहे हो?"

"निर्मळ. वसई."

"अच्छा! वहां तो फूलों की खेती होती है ना?"

इथे जरा थांबा. आमच्या भागातल्या माणसाचं हे जुनं दुखणं आहे. निर्मळचा म्हटलं की समोरच्याचा हात आपोआप पुढे येतो. कागदावर सही हवी? 'येताना फुलं आणा.' कोणाच्या घरी सत्यनारायण? 'तुमच्याकडे काय, घरचीच!' जन्मभर हेच ऐकलं. तेव्हा ती फुलांबद्दल बोलली आणि मी मनात म्हटलं, आलं, मागणं आलं.

"अंकल, फोटो से बोर्ड नहीं बनता. जर्बर भेजो."

बघा! थेट नाव घेऊन मागितलं!

"जरबेरा?"

"हां, जर्बर. है ना आपके पास?"

"घर का ही है. मिसेस ने लगाया."

"अरे वा, मॅडम करती हैं?"

"करती थी. अब बीमार है."

"ओह. कितने लेयर का है?"

लेयर म्हणजे थर. फुलांची पेटी थराथराने भरतात, हे तिला ठाऊक होतं. मुलगी जाणकार निघाली.

"जितने बोलो."

"दो बहुत है. टॉप और बॉटम. और सिल्क डालना मत भूलना."

"सिल्क भी?"

"हां, उसके बिना अच्छा नहीं दिखता. कलर?"

"लाल है, पीला है."

"एक बोलो."

"लाल."

"लाल में टाइम लगेगा. हरा जल्दी मिलता है."

हिरवा जरबेरा! शहरातली माणसं, दुसरं काय. मी समजुतीने घेतलं. म्हटलं, "लालच."

"ठीक है. लेटेस्टवाला भेजना हां, पुराना नहीं."

"पुराना कैसे भेजेगा? आज ही काटता है."

"हां, आज ही करो. सब ज़िप करके मेल कर दो."

झिप म्हणजे दाबून बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी. मेल म्हणजे टपाल. एवढं इंग्रजी मला येतं.

आता तुम्ही म्हणाल, अप्पा, एकदा तरी विचारायचं, कशाला हवंय? कोणाला विचारायचं? बत्तीस वर्षं प्लेटा केलेल्या माणसाने एका पोरीला विचारायचं?

कात्री घेऊन वाफ्यावर गेलो. बारा फुलं उमललेली होती. बाराही कापली. सुमती खिडकीतून बघत होती. मी आत आलो तेव्हा म्हणाली, "बरं?" पुढे मोठं प्रश्नचिन्ह.

"काम आहे," मी म्हटलं.

सिल्क हवं होतं. तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली रेशमी फीत होती, लाल. तीही तिच्या डोळ्यांदेखत काढली. खाली सहा फुलं, वर सहा, फितीला गाठ, झिपची पिशवी, वर खोका. आत चिठ्ठी घातली. मराठीतच लिहिली. ती मला अजून पाठ आहे:

'मॅडम, आपण मागितल्याप्रमाणे लाल जरबेरा पाठवीत आहे. सिल्क लावले आहे. कृपया माझ्याकडे लवकर लक्ष द्यावे. पत्नी आजारी आहे, म्हणून घाई आहे.'

अक्षर चांगलं आहे माझं. दुर्दैव. वाचता आली.

चौथ्या दिवशी सकाळी मी सुमतीला चमच्याने पेज भरवत होतो. एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. फोन आला म्हणून कोपराने स्पीकर लावला. पुरुषाचा आवाज. कंपनीचा मालक.

"फूल आपने भेजे?"

"हां. कम पडे?"

"आपकी उमर क्या है?"

"चौहत्तर."

"शरम नहीं आती?"

मला वाटलं, फुलं वाटेत कोमेजली म्हणून चिडला असेल.

"आपकी मॅडमने मांगा, मैंने भेजा. लाल बोला, लाल दिया."

"लडकी यहां रो रही है! उसकी अगले महीने शादी है!"

"मुबारक," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"और चिठ्ठी में क्या लिखा है? बीवी बीमार है इसलिए जल्दी है?"

"है ही बीमार. ये क्या, सामने बैठी है. सुन रही है सब."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे भगवान," आणि फोन ठेवला.

मी चमचा पुढे केला. सुमतीने तोंड उघडलं नाही. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून मोकळ्या वाफ्याकडे बघितलं, आणि मान भिंतीकडे वळवली.

"पेज घे."

काही नाही. 'बरं'सुद्धा नाही.

एकच शब्द होता बाईकडे. तोही मी घालवला.

रविवारी वर्षा आली. "अप्पा, वाफा का मोकळा? आणि प्लेटचं काय झालं?"

"जरबेरा मागत होते. दिला."

ती उभी होती, ती हळूहळू खाली बसली. "जर्बर, अप्पा. जर्बर! कॉम्प्युटरवरची फाइल असते. प्लेटचा नकाशा. प्रत्येक थराची वेगळी फाइल, आणि वर जी पांढरी अक्षरं छापतात त्याला सिल्क म्हणतात. सगळं एकत्र करून ईमेलने पाठवायचं!"

आमच्या कारखान्यात साहेब पारदर्शक कागदावर काळी टेप चिकटवून नकाशा करायचा. त्याला कोणी जर्बर म्हणत नव्हतं. पण हे मी बोललो नाही. काय बोललो, ऐका.

"ते मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग फुलं कशाला पाठवली?"

मी नकाशाचा कागद उगाच सरळ केला.

तिने डोक्याला हात लावला. "आईला निदान खरं सांगा. तिला काय वाटतंय, कळतंय का तुम्हाला?"

"वाटू दे."

"अप्पा!"

"एक वेळ मला बाहेरख्याली म्हणा. अडाणी म्हणालेलं चालणार नाही."

हे मी बोललो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना, बोललो. यात हसण्यासारखं काय आहे, मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर ठेवा तुमच्याजवळ.

वर्षाने माझा कागद उचलला, कॉम्प्युटर मांडीवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत फाइल करून पाठवली. मी शेजारी बसून चुका शोधल्या. एकही नव्हती. मग तिने कंपनीला फोन करून सगळं सांगितलं. मी अंगणात गेलो, पण त्या मुलीचं हसणं अंगणापर्यंत आलं. रडली होती, हसली, फिटंफाट झाली. माफी वर्षाने मागितली, माझ्या वतीने. मी नाही म्हटलं नाही. माझ्या मानाने ते पुष्कळ झालं.

लाल प्लेटांना वेळ लागला. तीन आठवडे. या तीन आठवड्यांत मोटर मी फक्त वर्षा किंवा शेजारची बाई घरी असेल तेव्हाच चालू केली. केळी सुकली. सुमती जेवायची वर्षाच्या नाहीतर त्या शेजारणीच्या हातून. मी भरवायला गेलो की भिंत.

प्लेटा आल्या. पाच, लालभडक. कडा स्वच्छ, रेघा अशा सरळ की मला माझ्या पट्टीची लाज वाटली. जिथे बोट टेकायचं तिथे तांब्याचा गोल होता. आणि त्या गोलाभोवती, पांढऱ्या सिल्कमध्ये, पाकळ्या. जरबेरा! त्या मुलीने वर्षाला विचारून छापला होता.

मी पार्ट बसवले, सोल्डरिंग केलं. एकही डाग वावगा पडू दिला नाही. प्लेट सुमतीच्या डाव्या हाताखाली बांधली आणि विहिरीवर जाऊन उभा राहिलो.

वाट बघितली. घंटा नाही. मोटरच्या खोक्यावर बसलो. घंटा नाही. प्लेट ठीक होती, मला माहीत होतं. बोटच टेकत नव्हतं. तिला मला बोलवायचंच नव्हतं. जगातली सगळ्यात पक्की प्लेट केली, तरी बोलवायची इच्छा काही त्यात सोल्डर करता येत नाही.

उठलो. घरी निघालो. अर्ध्या वाटेवर होतो आणि मागे घंटा वाजली.

मी धावलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लेंगा वर धरून, केळीतून. आत गेलो. ती पलंगावर नीट होती. बोटाने त्या पांढऱ्या पाकळ्या दाखवत होती. मग बोट खिडकीकडे, वाफ्याकडे. मग माझ्याकडे.

म्हणजे, आता बोल.

मी खुर्ची ओढली आणि सांगितलं. सगळं. जर्बर काय, जरबेरा काय, थर, सिल्क, झिप, टपाल. चिठ्ठी पाठ म्हणून दाखवली. मला माहीत नव्हतं, हेही सांगितलं. ते तीन शब्द घशातून बाहेर यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लग्नानंतर मी तिच्याशी एका वेळी एवढं कधी बोललो नसेन.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ओठ हलले. डावा गाल वर गेला. मग घशातून आवाज आला, खरखरीत, तुटका.

"ये... डा."

वर्षा स्वयंपाकघरातून धावत आली. "आई काय म्हणाली? आई बोलली?"

"येडा," सुमतीने पुन्हा सांगितलं. या वेळी न तुटता.

डॉक्टरांकडे गेलो. नवा शब्द आला एवढंच सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "फार चांगलं लक्षण! तो सोडू नका. रोज म्हणवून घ्या, दहा-दहा वेळा. कुठला शब्द?"

मी छताकडे बघितलं. वर्षाने सांगितला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तोच म्हणवून घ्या," म्हणाले.

तेव्हा आता रोज सकाळी पेज झाली की मी तिच्यासमोर खुर्ची टाकतो, ताठ बसतो, बोट आपल्या छातीवर ठेवतो आणि विचारतो, "हा कोण?"

दहा वेळा विचारतो. दहा वेळा ती सांगते. उच्चार आता अगदी स्वच्छ झाला आहे.

मग मी विहिरीवर जातो, आणि घंटा वाजते. धावत येतो. काही नको असतं तिला. अकराव्यांदा सांगायचं असतं.