चौघांचा डाला

आमच्या गल्लीतला अंकुश मेश्राम बुटीबोरीत वेल्डर आहे. त्याच्या आईचे, सिंधूताईचे, गुडघे गेलेले. गल्लीत गाडी वळत नाही, म्हणून दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी तिची बाज खांद्यावर घेऊन मोठा रस्ता गाठायचा. म्हातारी भडकायची, "चौघाइच्या खांद्यावर जाले मी मेली काय गा?"

शेवटी अंकुशने भंगारातला डिझेल पिकअप आणला. गल्लीचं वळण मोजून चेसी कापून आखूड जोडली, मागचा माल ठेवायचा डाला निम्मा केला. लोक हसले, "एवढुशा डाल्यात काय नेशील बे?"

काल ती आखूड गाडी धूर सोडत वळली अन् थेट दारात थांबली. सिंधूताई पदर सावरत ड्रायव्हरशेजारी बसली.

"दवाखाना राहू दे, उमरेडले बहिणीकडे चाल. अन् मले उचलणाऱ्या त्या चौघाइले मांगं डाल्यात बसव!"