तिने दाखवलेला हिरवा

साठी उलटल्यावर प्रथमच लिहायला बसलो आहे. या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

गेल्या महिन्यात माझा रंगीत लिथोग्राफांचा, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांचा, संच लिलावासाठी मांडला होता. दहा आधुनिक चित्रे आणि प्रत्येकाखाली चित्रकाराची पेन्सिलीने केलेली सही. वीस वर्षे तो माझ्या कपाटात होता. पाहुण्यांना मी आधी सहीच दाखवीत असे.

बोली सुरू होण्यापूर्वी एक अनोळखी बाई एका चित्रावर वाकली आणि मैत्रिणीला म्हणाली, "यात हिरवी शाई नाहीच गं. पिवळ्यावर निळी छापलीय, बघ."

"हळू बोल. मालकानं ऐकलं तर भाव वाढवेल."

मालक, म्हणजे मीच, शेजारी उभा होतो. चित्रातला तो हिरवा रंग कसा झाला, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलेच नव्हते. तिने तर सहीकडे ढुंकूनही पाहिले नाही. स्वतःच विकायला काढलेल्या वस्तूबद्दल असा मत्सर वाटावा, याची लाज वाटली; तरीही मी लिलावाच्या कारकुनाकडे जाऊन संच मागे घेतला, केवळ तो तिला मिळू नये म्हणून.

आता रोज संध्याकाळी ते चित्र उघडतो. हिरवा दिसतो, पण तिच्याच डोळ्यांनी.

तुम्ही तो संच तिला दिला असता का?