चौथीच्या पाण्यात हुकलेली तारीख

"मॅडम, तुमचा माणूस कुठंय?" न्यायाधीशांनी दुसऱ्यांदा विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. दारात पट्टेवाला सोडून कोणी नव्हतं.

"साहेब, निरोप दिलाय. येईलच इतक्यात."

"गेल्या वेळी मी 'शेवटची संधी' असं लिहिलं होतं. आठवतंय ना?"

आठवत होतं. अकरा वीसला केस काढून टाकली. आमच्या धंद्यात याला 'डिसमिस फॉर डिफॉल्ट' म्हणतात. म्हणजे खरं-खोटं कोणी तपासलंच नाही, माणूस आला नाही म्हणून फाइल बंद.

माणूस म्हणजे गणपत तांडेल, राहणार करावे. तुर्भ्याच्या पट्ट्यात रंगाच्या एका कारखान्यात चौदा वर्षं हेल्पर होता. एके दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. नोकरी परत मिळावी म्हणून आम्ही तीन वर्षं भांडत होतो. तोवर तो वडिलांच्या होडीवर खाडीत जाळं टाकायला लागला होता. त्या दिवशी त्याची उलटतपासणी होती. ती झाली की निकाल, इतकंच राहिलं होतं.

केस खरं तर दुपारी अडीचची. सकाळी कोर्टाच्या क्लार्कचा फोन आला, साहेब दुपारी नाहीत, अकराला या. मी लगेच कराव्याला फोन लावला. तांडेलकडे फोन नव्हता. पी.पी. नंबर होता, म्हणजे शेजारच्या किराणा दुकानाचा. दुकानदार म्हणाला, "सांगतो." तेव्हा साडेआठ वाजले होते आणि मी निर्धास्त झाले. मी साताऱ्याकडची. माझ्या लेखी निरोप मिळाला की माणूस चपला घालतो आणि निघतो.

तांडेल आला पावणेदोनला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले. ठरलेल्या वेळेच्या चांगला पाऊण तास आधी आला होता बिचारा.

"संपलं तांडेल," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच. "कुठं होतात सकाळी?"

"खाडीन व्हतो, म्याडम. होरी चिखलान बसली व्हती. सव्वाबारा वाजल्याबिगर पानी नाय येनार, ते मना ठाव व्हता. अडीचची तारीख धरूनच गेल्तो."

केस पुन्हा उभी करायला अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचं सबळ कारण द्यावं लागतं. सबळ कारण म्हणजे काय, ते कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही माहीत होतं: ताप. वाशीत एपीएमसी मार्केटजवळ एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे कुठल्याही तारखेचा ताप मिळायचा. मी तांडेलला त्यांचा पत्ता लिहून दिला. हो, मीच दिला. होडीचं नाव काढलं तर कंपनी म्हणणार, हा दुसरीकडे कमावतो, याला नोकरी कशाला? शिवाय चिखलाचा दाखला कोण देणार?

त्यानं चिठ्ठी वाचली आणि टेबलावर परत ठेवली.

"मना ताप नवता. खाडीन व्हतो तं खाडीन व्हतो, तेच सांगाचा."

"अहो, नोकरी जाईल कायमची."

"गेली तं गेली."

माझी चिडचिड झाली. हरिश्चंद्राचे अवतार नेमके माझ्याच ऑफिसात का येतात, असं वाटलं. पण प्रतिज्ञापत्रावर सही त्याची होती. खाडी लिहिली.

तीन आठवड्यांनी अर्ज सुनावणीला आला. कंपनीचे वकील हसतच उभे राहिले. "साहेब, म्हणे होडी चिखलात रुतली! उतरून चालत का नाही आलात हो?"

तांडेलनं त्यांच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. "एकदा उतरून बगा साहेब. कमरेपर्यंत जाल."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "सव्वाबारालाच पाणी येणार, हे तुम्हाला आधीच कसं माहीत?"

"तिथीचा पाऊन कराचा, साहेब. चौथ व्हती. चाराचा पाऊन तीन. रातचे तीनला भरती पुरी. सहा तास ओहट, मंग परत पानी चढनार. आमची होरी निम्म्या पान्यावर उचलते. ते सव्वाबारा."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज दशमी आहे. सांगा."

"साडेसात," तो लगेच म्हणाला. बोटंसुद्धा मोजली नाहीत.

पट्टेवाल्यानं त्या दिवशीचं वर्तमानपत्र आणलं. त्यात आतल्या पानावर भरतीची वेळ छापून यायची. साहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "सात वाजून तेहतीस मिनिटं."

"ते मुंबैच्या धक्क्यावरचा," तांडेल समजुतीच्या सुरात म्हणाला. "आमच्याकडं याला अजून पाव तास."

मी रोज त्या खाडीवरून जात होते. तिचं पाणी कुणाच्या डोक्यात असं मिनिटामिनिटानं चढत-उतरत असेल, हे मला कधी सुचलंही नव्हतं. तांडेलची शाळा सातवीपर्यंत, आणि समोर सगळे वकील, न्यायाधीश शिकाऊ पोरांसारखे बसलेले.

कंपनीच्या वकिलांनी मात्र शेवटचा पत्ता काढला. दुकानदार फोनचे निरोप वहीत टिपायचा, त्या पानाची नक्कल त्यांनी आणली होती. "साडेआठला निरोप घरी पोचला, साहेब. ही नोंद." एवढं वाचून ते कागदाची घडी घालू लागले.

"द्या इकडे," साहेब म्हणाले. पुढची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. "'बाई बोलल्या, मालक खाडीत, होडी चिखलावर, बाराच्या पुढे येतील. वकीलबाईंना कळवा.' फोन लागला नाही."

लागणार कसा? फोन माझ्या घरी आणि मी तेव्हा कोर्टाच्या वाटेवर होते.

तापाचा दाखला जोडला असता, तर हाच कागद आमच्या नरड्याला लागला असता. तांडेलची नोकरी गेली असती आणि बहुधा माझी सनदही. दाखला न घेणारा माणूस माझ्या शेजारी शांत उभा होता आणि मला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

केस पुन्हा उभी राहिली. साहेबांनी डायरी उघडली, दोन तारखा पुटपुटले आणि थांबले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तांडेल, वीस तारखेला पाणी कधी आहे?"

वर्षभरानं तो पुन्हा कारखान्याच्या गेटमधून आत गेला. माझ्या डायरीत मात्र अजून प्रत्येक तारखेपुढे तिथी असते. पक्षकाराला वेळ कळवण्याआधी त्याची वेळ विचारून घ्यावी, एवढं मी त्या केसमध्ये शिकले. डॉक्टरांचा पत्ता लिहिलेली ती चिठ्ठी बरीच वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मुद्दामच ठेवली होती.